शेवटी 'खोटं' लिहायचं

केटरिंगला नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
शाळेच्या स्वयंपाकघरातून परतते मी,
हाताला कस्टर्डचा वास, बुटांत ओल,
आणि सुधन्वाच्या जुन्या लॅपटॉपपुढे बसते,
ज्याचं एक बटण निघून गेलंय.

आधी सुधन्वानंच शिकवलं.
म्हणजे "आई, दे इकडे" म्हणत माउस घेतला,
तीन टिचक्या मारल्या,
"हे असं. कळलं?"
मी हो म्हटलं.
त्याची लंडनची गाडी होती.

मग हा सापडला.
चेहरा नाही, नाव नीट ऐकू आलं नाही,
नुसता आवाज, आणि पडद्यावर फिरणारा बाण.
वेल्सचा असावा, वाक्याची शेपटी वर उचलतो.
दहा वेळा मागे नेला
तरी दहाव्यांदाही तेवढ्याच मायेनं म्हणतो,
"घाई नाही. पुन्हा करून बघू."
अकराव्या मिनिटाला त्याच्या घरात कुत्रा भुंकतो.
"माफ करा हं," म्हणतो तो,
आणि रिकाम्या खोलीत मी म्हणते, असू दे.

रकाने मला नवे नाहीत.
चाळीसगावला बाबांच्या सुतळीच्या दुकानात
रोजची वही मीच लिहायचे, हातचा करंगळीत धरून.
इथे हातचा कुठे जातो ते दिसत नाही.
मी तरी करंगळी दुमडून ठेवते,
कुणीतरी धरायला हवा.

लिहिलं ३-४, म्हणजे तीन-चार ट्रे बटाटे.
त्यानं त्याची तीन एप्रिल केली.
बटाट्यांना मुहूर्त मिळाला.

एकदा एका घरात आकड्याऐवजी
काटेरी कुंपणच उगवलं.
मला वाटलं, गेला सगळा हिशोब.
तो म्हणाला, "आकडा आहे तिथेच.
रकाना अरुंद आहे, जरा ओढा."
लग्नाच्या पहिल्या वर्षी
हे कुणी सांगितलं असतं तर!

हे सगळं शेरिलमुळे. ती निवृत्त होतेय.
तिच्या डोक्यात दोनशे बारा मुलं आहेत:
कुणाला अंडं चालत नाही, कुणाला तीळ,
कुणाचे ओठ दुधाच्या थेंबानं सुजतात.
ते डोकं शुक्रवारी घरी जाणार.

नाव टाकलं की शेजारी पथ्य दिसायला हवं.
मी टाकलं: कॅस्पर नोवाक.
उत्तर आलं: सगळं चालतं.

कॅस्परला शेंगदाण्याचा कणही चालत नाही.
यंत्रानं भलत्याच पोराची ओळ आणली होती,
आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

मी आवाज मागे नेला. कुत्रा दोनदा भुंकला.
सूत्राच्या शेवटी एक शब्द राहिला होता.
तिथे 'खरं' लिहिलं, किंवा काहीच नाही लिहिलं,
तर ते जवळपासचं आणून देतं.
नेमकं हवं असेल
तर शेवटी लिहायचं, 'खोटं'.

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.
सत्तावन्न वर्षं उलटंच ऐकलं होतं.

लिहिलं. कंस बंद.
कॅस्पर नोवाक: शेंगदाणा,
इंजेक्शन ऑफिसच्या दुसऱ्या कप्प्यात.

शुक्रवारी केक कापून झाल्यावर
शेरिलनं यादीवरून बोट फिरवलं, सावकाश,
तांदूळ निवडावेत तसं.
"कुणी शिकवलं तुला?"
"कुत्रा पाळलेल्या एका माणसानं."

मग गंमत म्हणून
एका बोटानं तिनं स्वतःचं नाव टाकलं.
उपलब्ध नाही, असं आलं.
ती चष्मा पुसत राहिली.
मागे भांडी धुवायचं मशीन घरघरत होतं.

मी खाली एक ओळ वाढवली.
शेरिल अ‍ॅटकिन्स: सगळं चालतं.
"मशरूम नकोत," ती म्हणाली.
मी तेही लिहिलं.