पाणी कुठवर

रंगराव जगधने, वय एकाहत्तर,
परदेशीपुऱ्यातून रिक्षानं आले,
चार पायऱ्यांत तीनदा थांबले.
पाठ उघडी केली तेव्हा
उजवी बाजू हलतच नव्हती,
डावी एकटी राबत होती.

डावं मधलं बोट पाठीवर ठेवून
उजव्यानं त्यावर ठोकत मी खाली आले.
घुम, घुम, आणि खांद्याच्या पात्याखाली
एकदम ठप्प.
पुन्हा ठोकलं. ठप्प.
रंगराव वाकलेलेच म्हणाले,
"तिथवर आलंय ना पाणी?
बत्तीस वर्षं बॉयलर ठोकून राहिलो मी, बाई.
पान्यानं. आवाज बसला
की समजायचं, लेव्हल आली."

एक्स-रे मागाहून आला.
एका बोटाचाही फरक नव्हता.

फुप्फुसावर दोन पदर असतात,
एक त्याला चिकटून, एक बरगड्यांना,
आणि मध्ये चमचाभर पाणी,
घसरायला पुरेल इतकंच.
हे मी रोज कुणाला तरी सांगते.
रोज कुणीतरी विचारतं, मग एवढं आलं कुठून?

सुई बरगडीच्या वरच्या कडेला धरून घालायची,
खालच्या कडेनं शीर धावते.
ज्यांनी मला हे शिकवलं
त्यांच्या हाताला आता कंप आहे.
मला गवती रंग हवा होता,
गव्हाच्या काडासारखा, आरपार दिसणारा,
सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा.
आलं ते वीट धुतलेल्या पाण्यासारखं.
दीड लिटरला त्यांना खोकला लागला, मी थांबले.

बाहेर त्यांची मुलगी वैजयंता
देवाकडे टीबी मागत होती.
असं मागणं मी या मजल्यावरच ऐकते.
"टीबीच निघू दे, मॅडम.
आमच्या गल्लीत दोघांना झाला, दोघं बरे आहेत."

टीबी निघाला नाही.
दुर्बीण घातली, तर बाहेरच्या पदरावर
साबुदाण्यासारखे दाणे, पांढरे, दाट.
चार तुकडे बाटलीत गेले.
अकराव्या दिवशी लांब नावाचा कागद आला.

"मिलमध्ये पाइपांना काय गुंडाळायचात?"
"पांढरा दोर. हातानं पिंजायचो, कापसासारखा.
दुपारी त्याच्याच पोत्यावर डोकं टेकायचो.
पोरीला एकदा ससा करून दिला होता त्याचा,
झोपायची घेऊन."
वैजयंता खिडकीतून खाली
सायकल स्टँडकडे बघत होती.
तिच्या नावाचाही एक एक्स-रे मी लिहिला,
कारणाचा रकाना तसाच ठेवून.

पाणी पुन्हा पुन्हा भरतं,
म्हणून दोन्ही पदर एकमेकांना चिकटवायचे.
दगडाची निर्जंतुक भुकटी आत सोडायची,
मुद्दाम दुखवायचं,
मधली जागाच उरू द्यायची नाही.
आजार त्यानं जात नाही. धाप जाते.
हे सगळं सांगितलं, तर रंगराव हसले,
"भुकटीनं झालं, आणि भुकटीच घालून राहिल्या!"
हसताना दुखलं त्यांना.
मला उत्तर येत होतं. दिलं नाही.

चौथ्या रात्री सिस्टरनं उठवलं.
पलंगाखालच्या बाटलीत, नळीतलं पाणी
इतके दिवस श्वासाबरोबर वरखाली व्हायचं,
ते थांबलं होतं,
आणि रंगराव उठून बसले होते,
"काच अडकली! लेव्हल खोटी दाखवतेय!
आग काढा आधी, आग काढा!"

मी स्टूल ओढलं. म्हटलं,
फुप्फुस फुगून भिंतीला टेकलं
की पाणी असंच स्थिर होतं, चांगलं असतं ते.
पटलं नाही.
वाकड्या बोटानं त्यांनी
स्वतःच्याच छातीवर ठोकलं, वरून खाली,
पान्यानं ठोकावं तसं, आणि ऐकत राहिले.
घुम.
घुम.
"रिकामी झाली," म्हणाले.
"आमच्याकडे हा आवाज आला ना बाई,
की आम्ही पळायचो."

मग उशी सरळ करून मागितली.