इंजिन चालू ठेव

नाळेवर लाट काढायच्या आधी
भाटकरचाचा आत ओरडायचे,
"इंजिन चालू ठेव रे मुजफ्फर!"
मग साखरी नाट्याच्या जेटीला बांधलेल्या होडीत
सहा सिलिंडर एकदम खोकायचे.
टांगलेल्या फळीवर चाचा,
डावा खांदा होडीला लावून,
आणि वर मी, रोगणाचा डबा धरून.
निळ्यावर बारीक वर्तुळं उठायची,
माझ्या दातांत उतरायची.

मागे बर्फ फोडायची मशीन,
सुरमईचा लिलाव, पाचशे, पाचशे दहा,
कोणाची तरी कोणाला शिवी.
कुंचला टेकायचा.
रेघ कापत कापत पुढे जायची,
कुठे जाड, कुठे नुसता ओरखडा.
लाट अर्धी चाचांची, अर्धी होडीची.

मी एकदा विचारलं, बंद असताना का नाही काढत?
त्यांनी चांगला कान माझ्याकडे केला.
"बंद होडीवर नाव लिहितो मी.
लाट नाही."

आता मी रत्नागिरीत
आंबा-पल्पच्या डब्यांची लेबलं करते.
पडद्यावर रेघ अशी सरकते
जसा तेलाच्या ताटलीत थेंब.
मेन्यूत एक शब्द आहे, नॉइज.
किती टक्के, विचारतो. मी आठ म्हणते.
सगळीकडे सारखी रांगोळी भुरभुरते,
कुठूनच न आलेली.
गिऱ्हाईक म्हणालं, छपाई घाण झालीय का?

परवा लाट काही केल्या जमेना.
टॅबलेट काखेत मारला, जिना उतरले,
खालच्या गिरणीत, पट्ट्याशेजारच्या बाकावर बसले.
पाठ भिंतीला लावली. भिंत गुरगुरत होती.
तोडणकरांनी विचारलं, "काय दळायचंय?"
"काही नाही. चालू ठेवा."
"रिकामी नाही चालवत. दगड खातो दगडाला."
आणि त्यांनी कोणाचातरी डबा ओतला,
घावन्यांचे तांदूळ, भिजवून वाळवलेले.

पेन टेकवलं.
दगडाचा आवाज जड झाला, रेघ बसली,
मग मध्येच खडा आला असावा,
रेघेने उडी मारली.
तिथेच मी ती सोडली नाही.
भुवयांवर पीठ घेऊन
तोडणकर वाकून बघत होते.
"डोंगर आहे?"
"समुद्र."
"असेल," म्हणाले,
आणि पुढचा डबा उचलला.
त्यात नाचणी होती.