कुत्रं आवरा

नमद्याच्या गेरवर कुणी टकटक करत नाही.
लांबूनच हाळी द्यायची: नोखोइ खोर!
कुत्रं आवरा.
कुत्रं नसलेल्या घरालाही हीच हाळी.
मग आतून कुणी येतं, पट्ट्यात हात घालतं,
आणि पाहुणा आत. खारट चहा, वाळल्या दह्याच्या वड्या.
नाव-गाव मागाहून.

लुव्सानदाश आरखांगाईहून आले ते जानेवारीत,
उलानबातरवर कोळशाचा धूर पालथ्या कढईसारखा बसलेला.
सोबत सून, दुलमा, आणि कागदांची पिशवी.
मी पडद्यावर दाखवलं: उजव्या बाजूला, नऊ सेंटिमीटर.
ते बराच वेळ बघत राहिले,
दुसऱ्याच्या कळपातलं जनावर बघावं तसे.
मग म्हणाले, "एवढं वाढलं,
आणि आतलं कुत्रं एकदाही भुंकलं नाही?"

पंचवीस वर्षांत इतका नेमका प्रश्न
मला कुठल्या परिषदेत कुणी विचारला नव्हता.

काळीज भिडस्त असतं, मी म्हटलं.
आतड्यांकडून येणारी शीर दिवसरात्र त्याच्या दारात
काय काय आणून टाकते: मटणाचा रस, दह्यातले जंतू,
मेलेल्या जंतूंची सालं, औषधं, तुमची ती घरची दारू.
प्रत्येकावर भुंकायचं म्हटलं
तर आठवड्यात घर जळून जाईल.
म्हणून ते शिकलं, पहिल्या दुधाच्या घोटापासून शिकलं,
पट्ट्यात हात घालून उभं राहायला.
राखणीच्या पेशी येतात, गुरगुरतात,
काळीज त्यांच्या मानेवर हात ठेवतं: असू दे, आपलाच आहे.
काही तिथेच बसतात. काही थकून जातात.
काही आत शिरतात आणि परत दिसत नाहीत.
तो विषाणू तुमच्याकडे तीस वर्षं राहिला
तो ह्याच पाहुणचारावर.
गाठीनं नवं काही शोधलं नाही.
तिला फक्त हाळी पाठ झाली.

दुलमा लिहून घेत होती. थांबली.
आमच्या भाषेत काळीज म्हणजे एलेग,
आणि सोयरे म्हणजे एलगेन सादान, काळजाचे लोक.
"म्हणजे सोयरी होऊन राहिली,"
ती म्हणाली, माझ्याशी नाही, वहीशी.

लुव्सानदाशना एक हिवाळा आठवला.
हिमवादळात आलेला माणूस. तीन रात्री राहिला,
पोरांना शिट्टी वाजवायला शिकवली,
चौथ्या पहाटे अकरा घोडे घेऊन गेला.
"कुत्रं मीच धरलं होतं. ह्या हातानं."
मला वाटलं, आता म्हणतील, चुकलं.
ते म्हणाले, "पुढच्या वादळातही धरलं.
नाहीतर त्या पठारावर, डॉक्टर,
कोण कुणाच्या दारी जिवंत पोचेल?"

औषध आहे. शिरेतून, दर तीन आठवड्यांनी.
ते गाठीला हात लावत नाही,
पट्ट्यावरचा हात सोडवतं.
लागू पडतं ते थोड्यांनाच.
आणि सुटलेलं कुत्रं घरच्यांनाही चावतं कधी,
फुप्फुसाला, कातडीला, खुद्द काळजालाही.
हे सगळं सांगितलं. सही करताना
त्यांनी पेन आसुडासारखं धरलं होतं.

जूनमध्ये त्या बाजूला काम निघालं, वाट वाकडी केली.
गवतात गाडी थांबवून उतरले, हाळी दिली.
काळं धूड सुटून आलं,
भुवयांवर तांबूस ठिपके, चार डोळ्यांचं असल्यासारखं,
दात, लाळ, छातीच्या तळातून येणारा घोगरा आवाज.
लुव्सानदाश दारात. बारीक झालेले, काठीवर,
डोळ्यांत पिवळी झाक, की उन्हाचीच, कळेना.
त्यांना पोचायला वेळ लागत होता.

मी हलले नाही.
भुंक, म्हटलं.
भुंक अजून.