इंजिन गार असताना

तय्यब मिस्त्रींनी एवढंच सांगितलं होतं:
गाडी बघायला गेलात की आधी इंजिनाला हात लावा.
गरम लागलं तर समजा,
तुम्ही यायच्या आधी कुणीतरी घाम गाळलाय.

सहकारनगरच्या उतारावर, ढमढेऱ्यांच्या पार्किंगमध्ये
फुलाफुलांची चादर पांघरून
येझदी उभी होती. टाकी चॉकलेटी,
गुडघा टेकतो तिथे रंग जाऊन पत्रा उघडा.
ढमढेरे सगळं सांगत होते माझ्या भाच्याला.
मायलेज भाच्याला, कागदपत्रं भाच्याला,
"दोन सायलेन्सर, आवाज ऐका साहेब", तेही भाच्यालाच.
भाचा मोबाइलवर. त्याला सायकलही धड येत नाही.
"घेणारी मी आहे," म्हटलं.
ते म्हणाले, "हो का," आणि चष्मा पुसत राहिले.

मी हात लावला.
कोमट होतं.
करून ठेवलेला चहा उशिरा आठवावा, तितकं.

चोवीस वर्षं वजनमाप खात्यात काढलीत मी.
मार्केट यार्डात कांद्याच्या काट्याखालचं लोहचुंबक
या हाताने काढलंय,
सराफाच्या पारड्याला चिकटलेलं मेण नखाने खरवडलंय.
अंगठा कुठे टेकतो ते मला न बघता कळतं.
मग इथे का बोलले नाही?

चेसिसचा नंबर जुळला.
इंजिनाचा शेवटचा आकडा तीन की आठ,
पावडर चोळली, बॅटरी तिरकी धरली,
उकिडवी बसले तर गुडघा कटकन वाजला.
"माझा डावा बदललाय, एप्रिलमध्ये," ढमढेरे म्हणाले.
"हिची किक डावीकडे असते."
जाहिरातीत कारण दिलं होतं: जागेअभावी.

मग त्यांनी वाकून, हातानेच,
किकचा दांडा आत दाबला, पुढे फिरवला,
आणि तोच गिअर झाला.
"वरच्या मजल्यावरचा पोरगा रोज सकाळी मारून देतो.
आज तुम्ही येणार म्हणून नाही. रोज."
खरं असेल. नसेलही.
काट्याचं सोपं असतं, शून्यावर परत येतो का बघायचं.

मी मारली. एक. दोन.
तिसरीला पार्किंगभर निळा धूर,
कुणीतरी खिडकी आपटली,
भाच्याने मोबाइल खाली केला.
ढमढेरे माझ्याकडे बघतच नव्हते.
डोळे मिटून उभे होते, मान जराशी तिरपी,
दुसऱ्या खोलीतलं बोलणं ऐकल्यासारखी.

नव्वद सांगतात. ऐंशीला येतील.
ऐंशी हजार आहेत माझ्याकडे, पण ते दाढांचे आहेत.
डावीकडच्या खालच्या दोन. टिळक रोडच्या डॉक्टरांनी
स्क्रू घालून बसवायचं कोटेशन दिलंय.
वर्षभर मी उजवीकडूनच भाकरी चावतेय.
शिवाय आरटीओ, ग्रीन टॅक्स, टाकीतला गंज,
शिवाय माझं वय, शिवाय वहिनी,
शिवाय कात्रजच्या घाटात बंद पडली तर
रात्री आठला मी, ही, आणि टेंपोवाल्यांचे सल्ले.
हे सगळं कागदाच्या डाव्या बाजूला लिहिलं.
उजवीकडे काय लिहावं सुचेना.
शेवटी लिहिलं: तिसरी किक.

बुधवारी ऑफिसातून नाना पेठेत गेले.
"येझदीची क्लच वायर आहे?"
दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "गाडी आणलीय?"
"गाडी नाहीये," म्हटलं. "वायर द्या."
एकशे चाळीस रुपये.

आता ती पर्समध्ये वेटोळं घालून बसलीय.
डॉक्टरांच्या कोटेशनला ग्रीस लागलंय,
रकमेच्या नेमकं खाली.

ढमढेऱ्यांना फोन करायचाय.
रविवारी येते म्हणावं, सातच्या आत.
भावाचं तिथेच बघू.
फक्त त्या वरच्या पोराला सांगा,
एक दिवस झोपू दे त्याला.
मी येईपर्यंत तिला कुणी हात लावू नका.