अडलेला शब्द

"देवाला दुसरं कुणी सापडलं नाही?"
इड्वल प्रॉसर पाळक होऊन आला, तेव्हा
अख्खं ऱ्हॉन्डा खोरं हेच विचारत होतं.
जीभ जन्मापासून अडखळणारी.
'आमेन' म्हणेस्तोवर चहा निवायचा.

मग तीन नंबरच्या खाणीत छत खचलं.
अंत्यविधीला
नखांत कोळसा घेऊन आम्ही बाकांवर,
मागे मुकादम, टोपी मुठीत चुरगळत.
इड्वल बोलू लागला, आणि
'क्ष'वर थांबला.
क्ष... क्ष...
गॅसबत्ती फुरफुरत राहिली.

पहिल्या बाकावरची ग्वेनलियन,
जिचा मुलगा त्या पेटीत होता,
उठली.
मुकादमाकडे वळली.
"क्षमा," म्हणाली,
घासातला खडा काढून ठेवावा तशी.

इड्वलनं बायबल मिटलं.
'आमेन'ला त्याही दिवशी वेळ लागला.
आम्ही थांबलो.