तिमाही

बॅज तीन महिन्यांनी बदलतो.
जुना पाकिटात, नवा छातीवर,
शिशाच्या एप्रनच्या आत. आत, बाहेर नव्हे,
हे नवीन पोरांना मी दर वर्षी सांगते.
मुंबई नाक्याच्या दवाखान्यात माझा क्रमांक सतरा.
एक बॅज बिनधन्याचा. तो कपाटात असतो,
किरणांपासून लांब, नुसता तुलनेसाठी.

यंदा दोन तिमाह्या एकाच आठवड्यात सुरू झाल्या.
दुसरीची नोंद मी फक्त घरी केली.

भूषण म्हणाला, एवढ्यात बोलू नकोस तिकडे,
कॅथलॅबमधून काढतील, भत्ता जाईल.
पाथर्डी फाट्याचा फ्लॅट, हप्ता सव्वीस हजार चारशे.
इंदिरानगरहून नणंदबाईंचा फोन:
बोलू नको काय, सोडच ती नोकरी.
उद्या काही वेडंवाकडं झालं तर?
'वेडंवाकडं' म्हणताना त्यांनी आवाज उतरवला,
जणू पोटाला ऐकू जाईल.
स्पीकरवर बहीण-भाऊ तासभर भांडले.
मी मेथी निवडत होते.
आकडा मला कुणीच विचारला नाही.

आकडा आहे. मागच्या तिमाहीत शून्य पूर्णांक एक.
कळवल्यापासून पोटातल्या जिवाला मर्यादा एक,
उरलेल्या सगळ्या महिन्यांत मिळून.
कळवलं की काम बदलतं, नोकरी जात नाही,
असं नियमात लिहिलंय.
नियम आमच्याकडे लॅमिनेट करून
जिन्याखाली लावलाय, झाडूंच्या वर.

शनिवारी रात्री एक हार्ट अटॅक आला ओझरहून,
दोन ब्लॉक, पावणेदोन तास.
त्या गडबडीत बॅज कुर्त्यावर तसाच राहिला.
घरी न्यायचा नसतो तो.
सकाळी सासूबाईंना धुण्यात सापडला.

हे काय गं?
म्हटलं, जे दिसत नाही ते हा मोजतो.
त्यांनी तो ट्यूबलाइटखाली धरला, उलटा केला,
नखाने टोकरून पाहिला.
त्यांचं ते नख अजून तिरकं आहे,
एकोणीस वर्षं सिन्नरला
विडीचं तोंड दुमडून दुमडून.

मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
अन् सुपाला टेकलेलं पोट, त्या म्हणाल्या.
भूषणच्या आधी एक होती. सातव्यात गेली.
सगळे म्हणले, हिचं नशीब.
कारखान्यानं इचारलं, हजारी भरली का?

लग्नाला चार वर्षं झाली, मला हे ठाऊक नव्हतं.
भूषणला ठाऊक असेल तर
त्याने कधी सांगितलं नाही.

हा तवा असता तर
किती दाखवलं असतं गं यानं?

तंबाखू यात उमटत नाही, आई.

मंग काय उपेग, म्हणाल्या,
आणि तरीही हातातून सोडला नाही.
आन् तुझं कवा कळतं?
तीन महिन्यांनी.
तवर?
तवर कमी वेळ थांबायचं, लांब उभं राहायचं,
मध्ये शिसं ठेवायचं.

त्या कितीतरी वेळ गप्प.
नळाखाली बादली भरून वाहायला लागली होती.
मग म्हणाल्या,
सांगितल्याबिगर कोण लांब उभं करतं बाई?

रविवारी रात्री अर्ज लिहिला.
'सविनय' दोनदा खोडलं.
भूषण टीव्ही बघत होता. विचारलं नाही त्याने,
मीही दाखवला नाही.

सोमवारी सकाळी बॅज जागेवर नव्हता.
देव्हाऱ्यात पाहिलं, फ्रिजवर पाहिलं,
मशीनच्या जाळीत हात घातला.
सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या.
डब्याच्या पिशवीत बघ, म्हणाल्या.

पिशवीत डबा, पाण्याची बाटली,
आणि बाजूच्या कप्प्यात पुरुषी रुमालात
चार घड्या घालून ठेवलेला क्रमांक सतरा,
भोपळ्याच्या भाजीचं तेल लागू नये असा.
त्याला टेकून माझा अर्ज.

अर्ज मी पर्समध्ये ठेवला होता.