कारण

नागल्याच्या चौकीतल्या वहीला पाच रकाने:
नाव, गाव, आत, बाहेर, कारण.
माझ्या वरच्या ओळीत कुणी लिहिलंय पक्षी,
त्याच्या वर पक्षी, त्याच्या वर साहेबांचे पाहुणे.
मी लिहिते, धावणे.
भोये दर रविवारी तो शब्द बॅटरीच्या उजेडात वाचतात,
औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचावी तसा,
आणि साखळी काढतात.

पहिला मैल सपाट. खाडी झाडांआड,
तिचा वास तेवढा सोबत.
मागे घोडबंदर, जिथे म्हणे गलबतांतून घोडे उतरायचे.
इतके दिवस हलत्या फळीवर उभं राहिल्यावर
पहिल्यांदा मातीला खूर टेकला की काय करत असतील?
पडत असतील, असं मला वाटतं.
मग उठून, कुणी न हाकता...
एवढ्यावर मी चढण काढते.
चढणीला मोठा विचार चालत नाही, दम खातो.

फाल्गुनात ह्या वाटेवर चोरून धावता येत नाही.
सागाचं एकेक पान पत्रा वाजावा तसं वाजतं,
अख्ख्या डोंगराला कळतं की ही आली,
त्रेचाळीस वर्षांची, डाव्या गुडघ्यात कुरकुर असलेली,
मनगटावर घड्याळ, घड्याळात नाडी,
आणि नाडीत काय, ते घड्याळाला ठाऊक नाही.

वळणावरच्या मोहाखाली जेठीबाई.
बुडखा स्वच्छ झाडलेला, टोपली अर्धी भरलेली.
नेहमी विचारते, "कोण लागलंय गं मागं?"
मी हसते, हात करते, पुढे जाते.
आज ती उठून वाटेत उभी राहिली.

"बाय, थांब. तुला पाय हायेत ना?
आमच्या कल्प्याची आज पोलिसात भरती, ठाण्याला.
जातीचा दाखला शोधून शोधून घर उलटा करत असंल.
गादीखाली नाय म्हणावं.
तांदळाचे डब्यात हाय, मीच ठेवलाय.
आत्ता आठवलं बघ, फूल येचता येचता."

इथे फोनला रेघ नाही.
खाली पाडा, दोन मैल, सगळा उतार.

उतारावर मी कायम जपून उतरते.
आज गुडघा कुठे होता कोण जाणे.
मुळं आली, ओलांडली. दगड आला, तो दगडच निघाला.
ओठांवर एकच गोष्ट, सांडू नये म्हणून घट्ट धरलेली:
तांदळाचा डबा, तांदळाचा डबा, तांदळाचा डबा.

तो दारात होता, पिशवी खांद्यावर, तोंड उतरलेलं.
मला आधी शब्दच फुटेना.
"तांदूळ," एवढंच म्हटलं.
त्याच्या आईला कळलं. तिने डब्यात कोपरापर्यंत हात घातला.
प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद, त्याला चार दाणे चिकटलेले.

चुलतभावाचे बूट बांधता बांधता त्याने विचारलं,
"मॅडम, सोळाशेला किती लागतात तुम्हाला?"
साडेआठ मिनिटं, मी म्हटलं, एक मिनिट लपवून.
तो गालात हसला. "माझे पाच-बारा.
पाच-दहात आलो तर पूर्ण मार्क."

मोटारसायकल गेली. धूळ बसली.
त्याच्या आईने पाणी दिलं, तांब्या परत घेतला, दारापुढचं झाडायला लागली.
मग मी घड्याळ पाहिलं.
मोहाखाली थांबताना मीच ते थांबवलं होतं.
ह्या दोन मैलांची कुठेच नोंद नाही.

परत चालत वर गेले, निरोप पोचला हे सांगायला.
जेठीबाईने मान हलवली, बाजूला जागा केली.
मी बसले. टोपलीत हात घातला नाही, विचारल्याशिवाय कसा घालायचा.
वरून एक फूल सुटलं.
शेंड्यावरून जमिनीवर यायला त्याला
साधारण दोन सेकंद लागली.
मी पुन्हा मोजलं. दोन.
ती म्हणाली, "काय मोजतंस?"

बाहेर पडताना वहीत फक्त वेळ लिहायची असते.
भोयेंनी पेन पुढे केलं.
मी कारणाच्या रकान्याकडे जरा वेळ पाहिलं,
धावणे हा शब्द तसाच राहू दिला,
आणि विचारलं, साकेतच्या मैदानावरचे निकाल
कधी कळतात?